डेंग्यूवर औषध का नाही, सलाईनच का लावतात, आणि माकडतापाचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की २४ वर्षांचा पुतण्या पुण्यात डेंग्यूने ॲडमिट होता, पाच दिवसांत त्याला पॅरासिटामॉल आणि सलाईन सोडून काही दिलं नाही, काउंट २८ हजारावर आला तरी प्लेटलेट चढवल्या नाहीत, व्हायरस मारायचं औषध का देत नाही विचारलं तर डॉक्टर म्हणाले नाहीये, आणि तुम्हाला कुणीतरी सांगितलं की बाहेर देशात गोळी आलीय. वर आता तो आरामाला सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला गावी चाललाय, तिकडे गोचिडीतून होणारा माकडताप असतो, त्याला तरी औषध आहे का. मी एमडी मेडिसिन आहे, विदर्भात शिकलो आणि गेली २२ वर्षं कोकणात तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतोय, दर पावसाळ्यात हेच पेशंट बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ उत्तर. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका, जपानी मेंदूज्वर, चंडीपुरा, माकडताप, यातल्या एकाही आजारावर व्हायरसला थेट मारणारं मान्यताप्राप्त औषध आज कुठल्याच देशात नाही. अमेरिकेत नाही, सिंगापूरला नाही, मुंबईच्या मोठ्यात मोठ्या हॉस्पिटलातही नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी काही लपवलं किंवा काही द्यायचं राहिलं असं अजिबात मनात आणू नका. आणि सलाईनला ‘फक्त’ म्हणू नका ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण डेंग्यू अंगावर काढला आणि पेशंट शॉकमध्ये गेला, म्हणजे रक्ताभिसरणच कोसळलं, तर अशा पेशंटपैकी १०० मागे २० पर्यंत दगावू शकतात, आणि तेच वेळेवर आणि नीट मोजून सलाईन मिळालं तर हे प्रमाण एकाच्याही खाली येतं. एवढा फरक पाडणारी दुसरी गोष्ट माझ्याकडे या आजारात नाही.

ते कसं होतं ते समजून घ्या. डेंग्यूत पहिले तीन-चार दिवस ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, अंग मोडून येणं, या काळात रक्तात व्हायरस भरपूर असतो पण जीवाला धोका सहसा नसतो. खरी भीती ताप उतरतो तेव्हा सुरू होते, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. तेव्हा व्हायरस कमी व्हायला लागलेला असतो पण शरीराची प्रतिकारशक्ती एवढी खवळलेली असते की बारीक रक्तवाहिन्यांना गळती लागते, रक्तातलं पाणी पोटात आणि छातीत उतरायला लागतं आणि आत राहिलेलं रक्त घट्ट होत जातं. म्हणून आम्ही पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचं प्रमाण किती टक्के आहे ते बघतो, तो मूळच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी वर गेला की गळती चांगलीच चालू आहे समजायचं. वरचं आणि खालचं बीपी यातला फरक २० च्या आत आला, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, की पेशंट शॉकच्या दारात उभा आहे. ही गळती २४ ते ४८ तास चालते आणि मग आपोआप थांबते. आपलं काम एवढंच की तेवढे तास रक्ताभिसरण टिकवून ठेवायचं.

आता यात सलाईन म्हणजे बाटली लावली आणि सिस्टर निघून गेल्या असं नसतं. धोक्याची लक्षणं दिसायला लागलेला ६० किलोचा माणूस असेल तर सुरुवातीचा तास-दोन तास वजनाच्या हिशोबाने किलोमागे ५ ते ७ मिली, म्हणजे तासाला ३०० ते ४२० मिली आरएल (रिंगर लॅक्टेट नावाचं साधं सलाईन), मग पीसीव्ही, नाडी, लघवी बघून ते ३ ते ५ वर आणायचं, मग अजून खाली. शॉक असेल तर पहिला डोस याहून जोरात. आणि गळती थांबली की गेलेलं पाणी परत रक्तात यायला लागतं, त्या वेळी सलाईन तसंच चालू ठेवलं तर फुफ्फुसात पाणी होऊन धडधाकट पेशंट दम लागून व्हेंटिलेटरवर जाऊ शकतो. म्हणजे कधी वाढवायचं यापेक्षा कधी बंद करायचं हे जास्त अवघड आहे, आणि नातेवाईक म्हणतात सलाईन का काढलं, अजून अशक्तपणा आहे, अजून एक लावा. व्हिएतनाममध्ये शॉकमधल्या ३८३ मुलांवर अभ्यास झाला होता, २००५ मध्ये छापून आला, त्यात मध्यम शॉकमध्ये साधं आरएल हे महागड्या डेक्स्ट्रान आणि स्टार्चच्या बाटल्यांइतकंच उपयोगी ठरलं. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या माझ्यासारख्याला त्या एका निष्कर्षाने किती आधार दिला ते सांगता येणार नाही.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक मुलगी मी विसरू शकत नाही. १९ वर्षांची, पाचव्या दिवशी ताप उतरला, घरचे खूश, आईने मऊ भात केला, आणि संध्याकाळी तिला आणलं तेव्हा मनगटावर नाडी लागत नव्हती. आदल्या दोन दिवसांत तिला तापासाठी कंबरेत डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं दिली गेली होती, तिथे मोठी काळी गाठ झालेली. ती वाचली, पण त्या रात्री आम्ही दर तासाला पीसीव्ही करत होतो आणि मी खुर्चीतून हललो नाही. तेव्हापासून मी प्रत्येक डेंग्यूच्या पेशंटच्या घरच्यांना बसवून सांगतो, ताप उतरला की मला फोन करा, ताप चढला की नाही केलात तरी चालेल. पोटात सतत दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा उलट बेचैनी, काळी शी, यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीचे दोन वाजलेत असा विचार करायचा नाही.

मग अँटिव्हायरल का निघालं नाही, कुणी प्रयत्नच केला नाही का? भरपूर केला. व्हिएतनाममध्ये क्लोरोक्विन देऊन बघितलं, फरक नाही. हिपॅटायटिस सी साठी बनवलेलं बालापिराविर तिथेच देऊन बघितलं, व्हायरस कमी झाला नाही. सिंगापूरला सेल्गोसिविर झालं, तेही नाही. प्रतिकारशक्ती खवळते ना, मग स्टिरॉइड द्या म्हणून प्रेडनिसोलोन झालं, कोलेस्टेरॉलची लोवास्टॅटिन झाली, निकाल तोच. आयव्हरमेक्टिनने थायलंडमध्ये रक्तातलं एनएस१ (डेंग्यूच्या व्हायरसचं प्रथिन, ज्यावरून आजार ओळखतात) लवकर गेलं पण पेशंटच्या तब्येतीत फरक पडला नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत व्हायरस मारणारी औषधं शेकड्याने आहेत, माणसात आल्यावर अडचण वेळेची होते. फ्लूची ऑसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत दिली तर जास्त उपयोगी, नंतर फायदा कमी होत जातो हे आपण बघतोच. डेंग्यूत माणूस पहिले दोन दिवस घरी क्रोसिन घेऊन काढतो, तिसऱ्या दिवशी रक्त तपासतो, चौथ्या दिवशी माझ्याकडे येतो, आणि तोवर व्हायरसचा भर ओसरायला लागलेला असतो, जे नुकसान होणार ते आता शरीराच्या स्वतःच्या प्रतिक्रियेमुळे होणार असतं. चोर पळून गेल्यावर दाराला कुलूप लावण्यासारखं आहे ते. शिवाय व्हायरस म्हणजे बॅक्टेरियासारखा स्वतंत्र जीव नाही, तो आपल्याच पेशीची यंत्रणा वापरतो, त्यामुळे त्याला मारताना आपली पेशी वाचवायची ही मुळातली अडचण आहेच, आणि डेंग्यूचे प्रकार चार, चारही प्रकारांवर चालायला हवं. रेमडेसिविर, फेव्हिपिराविर कोविडमध्ये नाव ऐकलं म्हणून लोक विचारतात, पण डेंग्यूत ती द्यायला कसलाही पुरावा नाही, कुणी लिहून दिली तर का देताय ते विचारा.

बाहेर देशातल्या गोळीचं जे ऐकलंत ते बहुतेक मोस्नोडेनविर असणार. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेली, जॉन्सन अँड जॉन्सनने पुढे नेलेली. डेंग्यूच्या व्हायरसची दोन प्रथिनं, एनएस३ आणि एनएस४बी, एकमेकांना चिकटल्याशिवाय त्याच्या नकला निघत नाहीत, ही गोळी नेमकं ते चिकटणं अडवते. निरोगी लोकांना आधी गोळी सुरू करून मग मुद्दाम सौम्य केलेला डेंग्यूचा व्हायरस टोचला, तर जास्त डोसवाल्या १० पैकी ६ जणांच्या रक्तात व्हायरस सापडलाच नाही. मी ते वाचलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला होता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी चाललं. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने पुढचा मोठा अभ्यास थांबवला, सुरक्षिततेचं कारण नव्हतं, कंपनीचे प्राधान्यक्रम बदलले असं सांगितलं गेलं. मला याचं वाईट वाटतं आणि रागही येतो, कारण हा आजार ज्या देशांत माणसं मारतो तिथे अशा गोळीची किंमत देणारे कमी आहेत, आणि नेमकं तिथेच गाडं अडतं. पण लक्षात घ्या, ती गोळीही आजार व्हायच्या आधी दिली होती, चौथ्या दिवशी आलेल्या तुमच्या पुतण्याला तिने काय केलं असतं ते त्या अभ्यासातून कळत नाही. आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने डेंग्यूवरच्या मोनोक्लोनल अँटिबॉडीचं काम हातात घेतलंय, म्हणजे तयार अँटिबॉडी टोचायची, माझं तिकडे लक्ष आहे. आणि आयसीएमआर आणि पॅनेशिया बायोटेकच्या डेंगीऑल या लसीची मोठी चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली, १०,३३५ लोकांवर, पण लस हा वेगळा विषय आहे.

प्लेटलेटबद्दल, कारण भांडणं तिथेच होतात. २८ हजाराला आणि कुठून रक्त येत नसताना न चढवणं बरोबरच होतं. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ मोठ्या माणसांवर अभ्यास झाला, २० हजार किंवा त्याहून खाली काउंट असलेले, रक्तस्राव नसलेले, अर्ध्यांना प्लेटलेट दिल्या, अर्ध्यांना नाही, आणि चढवलेल्यांमध्ये रक्तस्राव कमी झाला नाही, उलट ॲलर्जीसारखे त्रास जास्त झाले. आपल्याकडच्या राष्ट्रीय गाइडलाइनमध्ये रक्तस्राव नसेल तर १० हजाराच्या खाली गेल्यावर विचार करा असं आहे. रक्त येत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा थांबायचं नाही. मी असे नातेवाईक पाहिलेत जे रात्रभर एसडीपीचे, म्हणजे एकाच माणसाकडून यंत्राने काढायच्या प्लेटलेटचे, डोनर शोधत गावभर फिरले आणि इकडे पेशंटचा पीसीव्ही ५२ झालाय हे कुणाच्या लक्षात नाही. जीव घेते ती गळती, आणि तुम्ही मोजत बसता काउंट. पपईच्या पानाच्या रसाचंही तेच, छोट्या अभ्यासांत काउंट थोडा लवकर वाढलेला दिसतो, पण त्याने शॉक टळतो किंवा माणूस वाचतो हे कुणी दाखवलेलं नाही, आणि तो कडू रस पिऊन उलट्या झाल्या की जे पाणी पोटात राहायला हवं तेच बाहेर जातं. मग नारळपाणी, पेज, ताक, ओआरएस द्या की.

तापाला पॅरासिटामॉलच. लहान मुलांना किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी, मोठ्यांना दिवसभरात ३ ग्रॅमच्या वर जाऊ नका असं मी सांगतो कारण डेंग्यूत लिव्हर आधीच सुजलेलं असतं. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड, काही नाही, आणि दंडावर कंबरेवर इंजेक्शन नको. आधीपासून हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला विचारा. चिकुनगुनियातही डेंग्यू नाही हे पक्कं होईपर्यंत हेच, सांधे कितीही धरले तरी. रियुनियन बेटावर २००६ च्या साथीत चिकुनगुनियाला क्लोरोक्विन देऊन बघितलं होतं, फायदा नाही झाला, उलट काही महिन्यांनी त्याच लोकांची सांधेदुखी जास्त निघाली. आपल्याकडेही तेव्हा या गोळ्या सर्रास वाटल्या जायच्या.

मेंदूत जाणाऱ्या व्हायरसांबद्दल थोडं वेगळं सांगायचंय, आणि हे डॉक्टर वाचत असतील तर त्यांच्यासाठीही. चंडीपुरा हे नाव नागपूरजवळच्या गावाचं, १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तात तो सापडला, वाळूमाशी चावून होतो, बहुतेक १५ वर्षांखालची मुलं. २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ गेली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातला परत मोठी साथ आली. रेसिडेंट असताना मी असं मूल बघितलंय, सकाळी अंगणात खेळणारं, दुपारी ताप, रात्री झटके, दुसऱ्या दिवशी बेशुद्ध. औषध नाही, झटके थांबवायचे, मेंदूची सूज उतरवायला मॅनिटॉल, साखर आणि ऑक्सिजन सांभाळायचा. जपानी मेंदूज्वरातही रिबाव्हिरिन उत्तर प्रदेशातल्या मुलांना देऊन झालं, इंटरफेरॉन व्हिएतनाममध्ये झालं, डेक्सामिथासोन थायलंडमध्ये झालं, कशानेच मृत्यू कमी झाले नाहीत, त्या आजारात मात्र लस चांगली आहे.

पण ताप, झटके आणि बेशुद्धी घेऊन आलेल्या प्रत्येकाला असाच औषध नसलेला व्हायरस असतो असं नाही, आणि इथे औषध खरंच जीव वाचवतं. हर्पिसच्या मेंदूज्वराला असायक्लोव्हिर आहे, ते रिपोर्टची वाट न बघता सुरू करायचं आणि हर्पिस नाही हे कळलं की थांबवायचं. मेंदूच्या मलेरियाला आर्टेसुनेट आहे. स्क्रब टायफस आहे, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणारा, डॉक्सिसायक्लिनने दोन-तीन दिवसांत माणूस उठून बसतो. गोरखपूरच्या मुलांमधल्या मेंदूज्वरात त्याचा मोठा वाटा आहे हे कळायला कित्येक वर्षं गेली आणि तोवर सगळं जपानी मेंदूज्वराच्या नावावर खपत होतं. विदर्भातही तो आहे. काखेत, मांडीच्या सांध्यात, कानामागे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली शोधायची, कपडे काढून शोधायची. कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टो, म्हणजे उंदराच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून होणारा ताप. ज्याला औषध आहे ते आधी शोधा किंवा संशयावर औषध सुरू करा, हे मी माझ्या प्रत्येक ज्युनियरला सांगतो.

वर मी म्हटलं एकावरही औषध नाही, त्याला अर्धवट अपवाद क्रायमियन काँगो तापाचा. गुरांच्या गोचिडीतून किंवा आजारी माणसाच्या रक्तातून पसरतो, २०११ च्या जानेवारीत अहमदाबादजवळ भारतात पहिल्यांदा पक्का झाला, निदान पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संशोधन संस्थेत झालं, आणि पेशंटवर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स दोघेही त्यातच गेले. तिथे रिबाव्हिरिन देतात, लवकर दिलं तर उपयोग होत असावा असं अनुभवी लोक म्हणतात, पण नीट तुलना करून केलेला पुरावा पुरेसा नाही. मी असतो तर पहिल्या तीन-चार दिवसांत दिलं असतं, उशिरा आलेल्यात फार आशा ठेवली नसती.

आता तुमचं गाव. माकडताप, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये आपल्या दोडामार्गात आला, पुढच्या वर्षी बांद्याकडे. डेंग्यूच्याच कुळातला व्हायरस, फक्त डासाऐवजी गोचीड, म्हणजे खरं तर कीटकही नाही, कोळ्याच्या जातीतला जीव. याच्यावरही औषध नाही, जुनी लस पुरेसं संरक्षण देत नाही म्हणून वापरातून गेली आणि नवीन लसीचं काम चालू आहे. उपचार डेंग्यूसारखेच, पाणी सांभाळणं, रक्तस्राव बघणं, आणि एक गोष्ट लक्षात ठेवायची की काही जणांना ताप जाऊन एक-दोन आठवडे बरं वाटतं आणि मग परत ताप, डोकेदुखी, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू होतं, तेव्हा ‘परत व्हायरल झालं’ म्हणून घरी बसायचं नाही. शंभरात तीन ते पाच माणसं यात जातात.

हा आजार डिसेंबर ते मे मधला, काजूच्या हंगामातला. पुतण्या पावसाळ्यात चाललाय तर आत्ता फार काळजी नाही, पण काजू गोळा करायला तो थांबणार असेल तर आरोग्य केंद्रात मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं डेपा किंवा डीएमपी तेल हातापायाला लावून, पूर्ण बाह्यांचे कपडे घालून जायचं, बागेतून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे गरम पाण्यात, पाचोळ्यात बसायचं नाही, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य सेवकाला कळवायचं. आत्ता डेंग्यूतून उठल्यावर त्याला दोन-तीन आठवडे थकवा राहील, तळहाताला खाज येऊन कातडी निघू शकते, घाबरू नका. त्याचे डेंग्यूच्या एनएस१ आणि आयजीएम या तपासण्यांचे रिपोर्ट जपून ठेवा, कारण पुढे कधी दुसऱ्या प्रकारचा डेंग्यू झाला तर तो जास्त जोरात येण्याची शक्यता असते, आणि त्या वेळी बघणाऱ्या डॉक्टरला पहिल्याच दिवशी हे कळलेलं बरं. गावी त्याला परत ताप आला तर मात्र डेंग्यू झालाय आत्ताच, त्याचाच असेल असं म्हणून सोडू नका, मलेरिया, लेप्टो आणि स्क्रब टायफस त्याच दिवशी तपासून घ्या.